गुलाबराव मास्तरांचा डावा पाय

लग्नात बँडवाल्याला सगळ्यात शेवटी जेवायला मिळतं. व्याही जेवतात, पाहुणे जेवतात, वाढपी जेवतात, घोडेवाला जेवतो, आणि मग कुणाला तरी आठवण होते, "अरे, थे बेंडवाले बसून हायेत ना बाप्पा तिकडं!" तोवर आम्ही मांडवामागच्या कडुलिंबाखाली वाद्यं मांडीवर घेऊन बसलेलो. पोटात कावळे ओरडताहेत आणि हातात वेळच वेळ. माझ्याजवळ किस्से साचले ते असे. वाढणारे लवकर आले असते, तर यातले निम्मे मला ऐकायलाच मिळाले नसते!

आम्ही म्हणजे अमरावतीच्या अंबागेटजवळचा गुलाबराव मास्तरांचा बँड. एकोणीसशे पन्नास-साठच्या त्या वर्षांत लग्नसराई आली की आम्ही पार अकोला-पातूरपर्यंत वाजवत जायचो. गुलाबराव मास्तर एरवी शिंपी. दुकानात मशीन, दुकानामागे तालीम. बँडचे लाल डगले त्यांनी स्वतः शिवले होते, पिवळी झालर लावून. पण घाईत सगळे डगले त्यांनी स्वतःच्याच मापाचे शिवले, त्यामुळे मास्तर सोडून कुणालाच ते धड बसत नसत. मास्तर कॉर्नेट, म्हणजे बिगुलासारखं पितळी वाद्य, वाजवायचे. पहिलं क्लॅरिनेट हमीदभाईंचं. त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि तरुणपणी ते कव्वालीच्या पार्टीत गायचे. ढोल सखारामचा. सखाराम तिवशाकडचा शेतकरी, उभी जवानी खडी गंमतीच्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाच्या, फडात ढोलकी वाजवण्यात घालवलेला. दुसरं क्लॅरिनेट माझं. मी दिवसा हायस्कुलात गणित शिकवायचो.

आणि या सगळ्यात एक गोष्ट पहिल्यापासून ठरलेली होती. मास्तरांना एकुलती एक मुलगी, कुसुम. ती परकर-पोलक्यात दुकानात चिंध्यांशी खेळायची, तेव्हापासून मास्तर आम्हाला बजावून ठेवत, "बाकी काईबी होवो. माह्या कुसुमची पाठवणी मीच वाजवीन!"

*

मास्तरांची संगीतावरची सगळी विद्या कात्रीच्या टोकावर होती. ते म्हणत, "कापड एकच हाये. शिलाई वेगळी."

एकदा त्यांनी हे आम्हाला वाजवून दाखवलं. बायकोची आई जात्यावर एक ओवी म्हणायची, तिची चाल मास्तरांनी उचलली होती. ती त्यांनी आधी जात्यावरच्यासारखी वाजवली. लांबच लांब सूर, एका श्वासात एक ओळ, जातं फिरतंय तसं सावकाश. मग तीच चाल भजनाच्या अंगानं. ओळ अर्ध्यात तोडली, उरलेली सगळ्यांनी मिळून उचलायची, टाळाला जागा ठेवायची. मग हमीदभाईंनी ती कव्वालीत घेतली. एकच तुकडा धरला, आणि पुन्हा, आणि पुन्हा, दर वेळी एक पायरी वर. शेवटी सखारामनं ढोल जवळ ओढला आणि चाल गंमतीत घातली. सगळे सूर तुकडे तुकडे, टचाटच, सुपातल्या लाह्यांसारखे.

"पाहा," मास्तर म्हणाले, "ओवीले दम लागते, ओठ दगडावानी पाहिजे. गंमतीत ओठाले कामच नाई. नुसतं जिभेनं तोडत जायचं."

या विद्येचा धंद्याला फार उपयोग झाला. एका दिवशी सकाळी आम्ही ती चाल एका पालखीपुढे वाजवली, दुपारी दर्ग्याच्या एका संदलपुढे आणि संध्याकाळी वरातीपुढे. दुसऱ्या दिवशी दुकानात एक भजनीबुवा कोपरी शिवायला टाकायला आले आणि एक चाचा शेरवानी घ्यायला आले. दोघंही तीच चाल गुणगुणत होते. थोड्या वेळानं दोघांनीही गुणगुणणं थांबवलं आणि एकमेकांकडे संशयानं पाहिलं.

"हे आमचं जुनं भजन हाये," बुवा म्हणाले.

"भजन कैसा? ये तो हमारे दादा के जमाने की कव्वाली है!"

दोघं हमरीतुमरीवर आले. मास्तर मशीनवर मान खाली घालून टीप मारत होते. बुवांनी त्यांनाच विचारलं, "मास्तर, तुमीच सांगा, कोनाची चाल हाये हे?"

मास्तर दोरा तोडत म्हणाले, "सासूची!"

*

माझ्या घरी माझं बँडात वाजवणं मुळीच पसंत नव्हतं. हायस्कुलातला शिक्षक झालरीचा डगला घालून रस्त्यानं पिपाणी फुंकत जातो, म्हणून वडील माझ्याशी दर लग्नसराईत अबोला धरत. माझी खरी भीती मात्र आमच्या हेडमास्तरांची होती. मी टोपी भुवयांपर्यंत ओढून वाजवायचो.

आणि एका वैशाखात व्हायचं तेच झालं. जवाहर गेटजवळच्या वरातीत नवरदेवाचे मामा म्हणून साक्षात हेडमास्तर! उपरणं सावरत अगदी माझ्या पुढून चालले होते. मी टोपी आणखी ओढली. आता मला रस्ताही दिसेना, पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या. घाबरून माझ्या दोन-चार मात्रा इकडच्या तिकडे झाल्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हेडमास्तर चहा घेताना म्हणाले, "काल भाच्याच्या लग्नात बँड मोठा सुंदर होता. कॉर्नेट तर अप्रतिम! एक दुसरा क्लॅरिनेटवाला होता, तो मात्र मात्रा खात होता. त्याला गणित येत नसावं."

सगळे हसले. मीही हसलो. हेडमास्तर उठले, दारापर्यंत गेले आणि वळून मला म्हणाले, "टोपी जरा वर घेत जा म्हणावं त्याला. ठेच लागेल."

त्यानंतर मी टोपी नीट घालू लागलो. वडील पुढच्या लग्नसराईपासून बोलूही लागले. हेडमास्तरांनी त्यांना काही सांगितलं होतं की काय, मला आजही माहीत नाही.

*

हमीदभाईंना कुणी "वाह" म्हणू नये, असा आमच्या बँडात अलिखित नियम होता. कव्वालीतला माणूस. ऐकणाऱ्यानं दाद दिली की तीच ओळ पुन्हा घ्यायची, हे त्यांच्या रक्तात.

अकोल्याला एका वकिलांच्या घरचं लग्न होतं. पंगत बसली होती आणि आम्हाला पंगतीला हळुवार काहीतरी वाजवायला सांगितलं होतं. वकिलांची शिस्त मोठी कडक. त्यांनी वाढप्यांना बजावलं होतं, की बँडचं एक गाणं संपलं की पुढचा पदार्थ बाहेर काढायचा, त्याआधी नाही. वरण-भात झाला, भाजी-पोळी झाली. आता जिलबी.

इतक्यात पंगतीतले एक पोक्त गृहस्थ, बहुधा नागपूरचे, हमीदभाईंकडे बघून म्हणाले, "वाह!"

झालं! हमीदभाईंनी ओळ पुन्हा घेतली. गृहस्थ म्हणाले, "क्या बात है!" हमीदभाई एक पायरी वर चढले. मास्तर डोळे वटारताहेत, सखाराम ढोलावर संपवल्याची थाप मारतोय, पण हमीदभाईंचे डोळे मिटलेले. इकडे पंगत रिकाम्या पत्रावळीकडे बघत बसलेली, मुलं जिलबीच्या वासानं रडकुंडीला आलेली आणि वाढपी पराती घेऊन मांडवाच्या तोंडाशी एका रांगेत उभे! वकिलांचा हुकूम मोडायची कुणाची छाती होणार?

शेवटी खुद्द वकीलच धावत आले. हमीदभाईंच्या कानाशी ओरडले, "हमीदभाई, उरका! जिलबी अडकली!"

हमीदभाईंनी डोळे उघडले, क्लॅरिनेट तोंडातून काढलं आणि त्या नागपूरच्या गृहस्थांकडे बोट दाखवून म्हणाले, "मेरी क्या गलती साब? पहले इनको जिलबी खिलाओ, मुंह बंद होगा!"

*

आता सखारामचं एक सांगायला हवं. गंमतीच्या फडात ढोलकीवाला तोंडाकडे बघत नाही, नाचणाऱ्याच्या पायांकडे बघतो. पाय पडेल तिथं थाप. आमच्या बँडात नाचणारा कोण? म्हणून सखाराम मास्तरांच्या डाव्या पायाकडे बघायचा. मास्तर कॉर्नेट तोंडाला लावून डाव्या चवड्यानं लय धरत आणि सखाराम ती उचलत असे. मास्तरांनी हातानं कितीही खुणा केल्या, तरी सखारामची नजर जमिनीवर.

पातूरला एक वरात होती. नवरदेव घोड्यावर, पुढं आम्ही. वाटेत एका आंब्याखाली थांबलो, मास्तरांनी बूट काढून जरा पाय मोकळे केले आणि पुन्हा घातले. वरात निघाली. शंभरेक पावलं गेलो नसू, तोच लय वाढली. मला वाटलं, मास्तरांना मुहूर्ताची घाई असेल. लय आणखी वाढली. मिरवणुकीची संथ चाल पाहता पाहता गंमतीत गेली, मग गंमतीच्याही पुढं. ढोल ऐकून घोडं दुडक्या चालीनं निघालं. घोड्यामागे करवल्या, करवल्यांमागे धोतराचे सोगे धरून म्हातारे, आणि सगळ्यांच्या मागे नवरदेवाची आत्या, "अरे हळू, अरे हळू!" करत पळणारी.

मांडवाच्या दारात पोचल्यावर मास्तरांनी मटकन बसून डावा बूट ओढून काढला. आतून एक भलामोठा मुंगळा बाहेर आला आणि शांतपणे चालू लागला.

"सखाराम!" मास्तर पाय चोळत ओरडले. "मले मुंगळा डसून राहिला अन् तू ढोल कावून पळवून राहिला?"

"मले काय मालूम मास्तर, मुंगळा हाये का गंमत हाये? पाय जसा पडला, तशी म्या थाप देली."

मास्तर आणखी बोलणार होते, पण भटजी पुढे आले. घामेजलेल्या वऱ्हाडाकडे, मग घड्याळाकडे त्यांनी पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "मास्तर, एवढी वर्षं लग्नं लावतोय. वरात मुहूर्तावर पोचलेली आज पहिल्यांदा पाहिली!"

*

मास्तरांचा खरा दबदबा होता तो पाठवणीत. तीच सासूची ओवी, तिच्या मूळच्या संथ चालीत. आधी नुसतं कॉर्नेट. मास्तरांचा तो पहिला लांब सूर निघाला की मांडवात जो तो हातातलं काम खाली ठेवायचा. मुलीची आई रडली नाही, असं कधी झालं नव्हतं. मास्तर मात्र कोरडे. आम्हाला सांगत, "रडनं गिऱ्हाइकाचं, वाजवनं आपलं. डोळ्यात पानी आलं का ओठ हालते, अन् ओठ हालला का सूर गेला!"

अकोल्यातच एकदा त्यांना जबर आव्हान मिळालं. मुलीची आई ताठ उभी, हातात किल्ल्यांचा जुडगा, डोळ्यांत टिपूस नाही. मास्तरांनी ओवी पूर्ण वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. मुलीच्या मावश्या रडल्या, आचारी रडला, हमीदभाईंना हुंदका आला आणि त्यांचं क्लॅरिनेट चिरकलं. बाई तशाच. तिसऱ्यांदा वाजवून मास्तरांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या.

शेवटी कॉर्नेट खाली ठेवून ते हात जोडून म्हणाले, "माय, माहं काई चुकलं काय?"

"छे हो! फार छान वाजवता," बाई म्हणाल्या. "पण रडू कशासाठी? जावई समोरच्या घरातला. संध्याकाळी ती भाजी निवडायला इकडेच येणार आहे!"

मास्तरांनी समोरच्या घराकडे पाहिलं. खरंच, दाराला तोरण होतं. "मंग मले कायले बलावलं?" असं पुटपुटत ते कडुलिंबाखाली जाऊन बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

*

कुसुमचं लग्न ठरलं ते अकोल्याच्याच मुलाशी. मुलगा चांगला, नोकरीवाला. पण समोरच्या घरातला नव्हता.

मास्तरांच्या घरात मोठा वाद सुरू झाला. मथुरावहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, म्हणत, "कन्यादान करनारा बाप पोट्टीपाशी उभा राहीन का बेंडात उभा राहीन? लोक काय म्हन्तीन?"

"लोकाइच्या पोरी म्या वाजवून धाडल्या. माह्या पोरीले दुसऱ्यानं वाजवून धाडाव काय?"

"तुमचा ओठ टिकनार नाई."

मास्तर चिडले. "इतक्या वर्सात माहा ओठ हालला काय कधी? विचार ह्या सरायले!"

मी मान डोलावली. खरंच कधी हालला नव्हता.

पण मास्तर आत गेल्यावर वहिनी हळूच मला म्हणाल्या, "सर, तुमाले थे चाल येते ना? तुमी तयार राह्यजा. यायच्यानं होनार नाई. माह्या मायची ओवी हाये थे. अर्धी राहू देऊ नका, पोट्टीले तेवढं नाट लागू नये."

मला त्या दिवसापासून झोप नीट लागेना. मास्तरांची पाठवणी त्यांच्यादेखत मी उचलायची? आणि नाही उचलली, तर वहिनींना काय तोंड दाखवायचं?

लग्न झालं. दुपार कलली. अकोल्याची मोटार दारात येऊन उभी राहिली. आम्ही डगले घालून रांगेत उभे राहिलो. कन्यादानाचं पितांबर नेसलेले, उघडेबंब, खांद्यावर उपरणं घेतलेले मास्तर मांडवातून आले, सखारामच्या पुढ्यात आपल्या नेहमीच्या जागेवर उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. मी कॉर्नेट दिलं.

कुसुम आईच्या गळ्यात पडून रडत होती. ती मोटारीत चढली, खिडकीशी बसली आणि तिनं बापाकडे पाहिलं.

मास्तरांनी कॉर्नेट ओठाला लावलं. नुसती हवा आली.

त्यांनी ओठ पुसले, पुन्हा लावलं. पुन्हा हवा. गाल फुगलेले, डोळे मिटलेले आणि कॉर्नेटमधून फक्त फू... फू... मथुरावहिनींनी पदर तोंडाला लावून माझ्याकडे पाहिलं. मी क्लॅरिनेट उचललं. हमीदभाईंनी नको नको अशी मान हलवली. मी श्वास घेतला.

आणि माझ्या आधी ढोल कडाडला!

संथ नाही. गंमत! चांगली भर फडातली, अंगात येईल अशी गंमत! पाठवणीला गंमत? व्याही एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग त्या ढोलावर कॉर्नेट निघालं. तीच ओवी, पण तुटक, बारकी बारकी, टचाटच. एकही सूर चुकला नाही! हमीदभाईंनी उचललं, मी उचललं. मांडवातली पोरं नाचायला लागली.

मी खिडकीकडे पाहिलं. कुसुमचे डोळे वाहत होते आणि ती खदाखदा हसत होती! बांगड्या भरलेल्या हातांनी ती मोटारीच्या पत्र्यावर ताल धरत होती. मोटार निघाली, तरी तिचा हात पत्र्यावर वाजतच होता. वहिनी पदरात तोंड लपवून हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. मोटार वळणाआड गेली, तेव्हा ओवी पुरी झाली.

मास्तरांनी कॉर्नेट खाली घेतलं आणि वळले.

"सखाराम, म्या काय सांगतलं होतं? धिमं वाजव म्हून सांगतलं होतं ना? गंमत कावून घेतली रे?"

"म्या कुठी घेतली मास्तर? तुमीच त देली!" सखाराम कळवळून म्हणाला. "पायाकडं पाहूनच त वाजवून राहिलो होतो. तुमचा पाय असा धावून राहिला होता का मले वाटलं, बुटात मुंगळा शिरला."

"बूट कुठी हाये माह्या पायात?"

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. हळदीकुंकवाचं बोट लागलेला त्यांचा डावा पाय उघडा होता, आणि अजून चालूच होता.